जूनटीन्थला लालच हवं

जूनटीन्थचं, म्हणजे टेक्सासातल्या गुलामांच्या मुक्तीच्या 19 जूनच्या सणाचं, बोलावणं आलं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि हिरवं-पिवळं पेय घेऊन तर मुळीच जाऊ नये. लाल न्यावं. कैरीचं पन्हं कितीही फक्कड जमलेलं असो, त्याचा मान चैत्रातल्या हळदीकुंकवाला. इथे त्याला कुणी विचारणार नाही.

मे संपत आला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघतोच. 2021 पासून 19 जूनला अमेरिकाभर सरकारी सुट्टी असते. त्यामुळे कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या गल्लीत, कुणाच्या मुलांच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम ठरतो. "पॉटलक आहे, काहीतरी घेऊन या" असा निरोप येतो आणि आपल्याकडे लगेच समोशांच्या ऑर्डरी सुटतात. समोसे न्या, कोण नाही म्हणतंय! पण त्या टेबलावर ज्याच्यावाचून अडतं ते लाल पेय. ग्रुपवर तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देऊन मी कंटाळले आहे, म्हणून सगळं एकदाच इथे लिहिते. पुढच्या वेळी लिंक टाकली की माझं काम झालं.

मी मूळची यवतमाळची. आता ह्यूस्टनच्या नैऋत्येला मिसूरी सिटीत राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या गल्लीत निम्मी घरं आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांची आहेत. डावीकडच्या घरातल्या आजी टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनमध्ये वाढलेल्या, उभा जन्म शाळेची बस चालवून आता निवृत्त झालेल्या. जूनटीन्थचं आमच्या गल्लीतलं जेवण त्यांच्या अंगणात असतं आणि तिथे त्यांचाच शब्द चालतो. खाली जी मतं येतील त्यातली निम्मी त्यांची आहेत, उरलेली निम्मी त्यांच्याशी वाद घालून झालेली माझी.

आधी दिवसाबद्दल, कारण तो ठाऊक नसेल तर लाल रंग नुसती सजावट होऊन बसतो. लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 ला लागू झाला. पण उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं आणि टेक्सास बंडखोर दक्षिणेत, तेही युद्धाच्या मुख्य आघाडीपासून लांब. जाहीरनामा अमलात आणायला उत्तरेचं सैन्य तिथे होतंच कुठे! एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रं खाली ठेवली, तरी टेक्सासातल्या कापसाच्या आणि उसाच्या शेतांवर गुलामगिरी सुखेनैव चालू होती. शेवटी 19 जून 1865 ला गॅल्व्हेस्टनमध्ये उत्तरेच्या जनरल गॉर्डन ग्रेंजरच्या नावाने 'जनरल ऑर्डर क्रमांक 3' निघाली आणि टेक्सासातले सगळे गुलाम मुक्त असल्याचं जाहीर झालं. सुमारे अडीच लाख माणसं होती ती, आणि त्यांना ही मुक्ती अडीच वर्षं उशिरा मिळाली.

त्या आदेशाचा पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच गुमान राहावं, मजुरी घेऊन काम करावं, लष्करी ठाण्यांपाशी गर्दी करू नये, आणि आळसात बसून कुणाला पोसलं जाणार नाही, अशी तंबी त्यातच आहे. आमच्या आजी जेवणाआधी सगळ्यांना उभं करून अख्खा आदेश मोठ्याने वाचतात. त्या 'आळसा'च्या ओळीशी आल्या की चष्म्यावरून सगळ्यांकडे बघतात. मग अंगणभर जो हशा पिकतो तो ऐकण्यासारखा असतो. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलं आणि वर आळशी म्हणे!

1866 पासून टेक्सासात हा दिवस साजरा व्हायला लागला. ह्यूस्टनमध्ये मुश्कील जागेची होती. मग 1872 मध्ये जॅक येट्स या बाप्टिस्ट धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने, काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच कुणाच्या तरी मालकीची असलेल्या माणसांनी, पैसा पैसा जमवून हजार डॉलरच्या आसपास दहा एकर जमीन विकत घेतली. कशासाठी, तर 19 जूनला एकत्र जमून जेवायला. तीच आजची थर्ड वॉर्ड या वस्तीतली इमॅन्सिपेशन पार्क. पुढे कित्येक वर्षं शहरात कृष्णवर्णीयांना मोकळेपणाने जाता येईल अशी ती एकच सार्वजनिक बाग होती. तिथल्या झाडांखाली उभं राहिलं की मला हटकून एक तारीख आठवते. ही जमीन घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, आपल्याकडे महाराष्ट्रात जोतीरावांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना आहे, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा जोतीरावांनी तिथे व्यक्त केली आहे. ही अर्पणपत्रिका मुळातच इंग्रजीत आहे, त्यामुळे आजींना समजावून सांगावं लागलं नाही. मी पान छापून दिलं, त्यांनी ते फ्रिजवर चुंबकाने लावलं. "जूनटीन्थशी आपला काय संबंध" असं ग्रुपवर कुणी म्हटलं की मी त्या फ्रिजचा फोटो टाकते.

आता लालच का?

विचाराल तितक्या जणांकडून वेगळं उत्तर मिळेल. चर्चमध्ये सांगतात, पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताची आठवण. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक बोट दाखवतात पश्चिम आफ्रिकेकडे. तिथे पाहुण्याला द्यायची दोन लालसर पेयं होती, एक कोला नावाच्या बियांचं आणि दुसरं लाल अंबाडीच्या बोंडांचं. गुलामांच्या जहाजांबरोबर ही दोन्ही झाडं अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर आली. तिथे अंबाडीच्या पेयाला सॉरल म्हणतात. आलं आणि लवंग घालून, मोठ्यांसाठी रम ओतून ते नाताळात पितात. सेनेगलमध्ये तेच बिस्साप, नायजेरियात झोबो, मेक्सिकोत आग्वा दे हमाइका. अमेरिकेच्या दक्षिणेत अंबाडी मागे पडली, पण सणाला लाल प्यायचं हे टिकलं. आधी चेरी किंवा स्ट्रॉबेरी घालून रंगवलेलं लाल लेमोनेड, मग बाटलीतला लाल सोडा, मग पुडीतलं लाल सरबत. जिन्नस बदलत गेले, रंग राहिला.

आजींचं उत्तर सगळ्यांत छोटं आहे. "लाल असतं, कारण आमच्याकडे लालच असायचं." गरिबाच्या घरी वर्षभर पाणी आणि ताक, सणाच्या दिवशी मात्र विकतची, रंगीत, थंडगार गोष्ट. बर्फसुद्धा तेव्हा चैनच होती. मला हे कारण रक्ताच्या कारणाइतकंच खरं वाटतं, आणि माझी सगळी मतं यातूनच निघतात. जूनटीन्थचं लाल पेय म्हणजे सणाची चंगळ. ते भरपूर असावं, गोड असावं, दात शिवशिवतील इतकं थंड असावं आणि पोराटोरांना मागे फिरून पुन्हा घेता यावं. इंटरनेटवर जून आला की ज्या पाककृती दिसतात, चिमूटभर सोन्याचा वर्ख, रोजमेरीची काडी, उंच नाजूक ग्लासात चार घोट, त्यांचा आणि या दिवसाचा मेळ मला कधी बसला नाही. दुपारी 35 अंशांचा उकाडा, हवेत मेक्सिकोच्या आखाताची दमट चिकचिक आणि अंगणात साठ माणसं. काडी कुणाला हवी आहे?

सुरुवात अंबाडीपासून करते, कारण ती आपली.

विदर्भात अंबाडी सांगायला नको. कापसाच्या नाहीतर ज्वारीच्या धुऱ्यावर दोन-चार ओळी असायच्याच. कोवळ्या पाल्याची कण्या घालून भाजी, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सोटांच्या वाखाचे दोर पोळ्याला बैलांसाठी. आणि दिवाळीनंतर लाल बोंडं. फूल गळून गेलं की त्याखालचं लाल, मांसल आवरण बीभोवती फुगतं, तेच बोंड. आई त्याची चटणी करायची आणि उरलेली बोंडं सुपात वाळवून बरणीत भरायची. उन्हाळ्यात कुणी उन्हातून आलं की त्यातली मूठभर भिजायला पडायची. इथे लोक त्याला हिबिस्कसचं फूल म्हणतात, पण खाण्यात येतं ते बोंडच.

या झाडाला दिवस लहान व्हायला लागले की मगच बहर येतो. म्हणून कॅरिबियनमध्ये सॉरल नाताळात आणि आपल्याकडे बोंडं कार्तिक-मार्गशीर्षात. जूनमध्ये टेक्सासात ताजी बोंडं शोधत फिरू नका. सुकीच घ्यायची, आणि ती कुठल्याही मेक्सिकन किराणा दुकानात मोठ्या खोक्यात सुटी मिळतात. चिमट्याने पिशवीत भरून घ्यायची. नायजेरियन दुकानांतही असतात, तिथे झोबो म्हणून मागा. चहाच्या विभागातल्या डिप-बॅगा घेऊ नका. महाग पडतात आणि त्यांत नुसती पूड असते. चांगलं बोंड अख्खं किंवा मोठ्या तुकड्यांत असतं, रंग गडद किरमिजी, बोटांत धरून वाकवलं तर मनुक्यासारखं किंचित लवचीक. तपकिरी पडलेलं, कडकड मोडणारं असेल तर जुना माल समजा.

दोन गॅलनच्या, म्हणजे साधारण साडेसात लिटरच्या कूलरला मी 200 ग्रॅम सुकी बोंडं घेते. आधी दोन वेळा भराभर धुवायची, कारण तळाशी बारीक रेती बसतेच. पण पाण्यात ठेवून द्यायची नाहीत, रंग तिथेच वाहून जातो. स्टीलच्या पातेल्यात तीन लिटर पाणी उकळत ठेवायचं, त्यात बोटभर लांबीचे आल्याचे तीन-चार तुकडे ठेचून, आठ-दहा लवंगा आणि एका संत्र्याची साल, आतला पांढरा भाग काढून. पाण्याला आल्याचा वास सुटला की बोंडं टाकायची, पाच मिनिटं मंद आच, मग गॅस बंद आणि झाकण. लोखंडी कढई किंवा बिडाचं भांडं नको. आंबट रस लोखंड खातो आणि रंग काळवंडतो.

झाकण उघडून बघण्यासारखी वेळ पहिल्या दोन मिनिटांची. वाळलेलं बोंड पाण्यात पडलं की आधी तरंगतं. मग त्याच्या कडेने लाल दोरे खाली सुटायला लागतात, सरळ नाही, वळत-वळत, आणि तळाला पोहोचायच्या आधीच पसरतात. पाकळ्या ओल्या होऊन उघडतात आणि हळूहळू फिकट पडतात. दहा मिनिटांत पातेल्यातला चमचा दिसेनासा होतो. अर्ध्या तासाने गाळायचं, पण बोंडं कचकचून पिळायची नाहीत, तुरट उतरतं. हा अर्क पातेल्यात जवळजवळ काळा दिसतो. काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरला की मगच खरा लाल कळतो. कोमट असतानाच 700 ग्रॅम साखर विरघळवायची. जास्त वाटेल, पण पुढे थंड पाणी आणि बर्फ पडणार आहे, आणि गारठलेली जीभ गोड कमी ओळखते.

लिंबू अगदी शेवटी, थंड झाल्यावर. सहा-सात लिंबांचा रस पडला की रंग एकदम उजळतो आणि पातेल्याभोवती उभी असलेली मुलं "ओऽऽ" करतात. जादू काही नाही. बोंडांतली रंगद्रव्यं अँथोसायनिन वर्गातली. आंबटात ती लाल, अल्कलीत निळी-हिरवी. जड पाण्यात अर्काला जी मळकट जांभळी झाक येते ती लिंबाने म्हणूनच जाते. आजींच्या नातवंडांना मी एका वाटीत खायच्या सोड्याची चिमूट टाकून दाखवलं. लाल सरबताचं डोळ्यांदेखत शेवाळी पाणी झालं. तेव्हापासून ती पोरं मला "सायन्स आंटी" म्हणतात आणि दरवर्षी ती वाटी मागतात.

एक औषधी सूचना, लॅबवाली म्हणून. अंबाडीच्या पेयाने रक्तदाब थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पेलाभर प्यावं, अख्खा जग भरून नको, आणि गरोदर बायकांनी टाळलेलंच बरं. मधुमेहाची मंडळी प्रत्येक घरात असतात, म्हणून अर्ध्या गॅलनचा एक बिनसाखरेचा जग मी वेगळा ठेवते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. नाही लिहिलं तर कुणीतरी लहान पोर भरभरून घेतं आणि तोंड वाकडं करून झुडपात ओततं.

स्ट्रॉबेरी लेमोनेडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इथली स्ट्रॉबेरी एप्रिलमध्येच संपत येते, जूनमध्ये मिळते ती लांबून आलेली आणि फिकी. गोठवलेली घ्या, साखर टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सुटलेल्या पाकात लिंबाचा रस आणि पाणी. झालं.

कलिंगडाबद्दल मात्र थोडं थांबते.

टेक्सासात जून म्हणजे कलिंगडाचा भर. लुलिंग नावाच्या गावात तर 1954 पासून जूनच्या शेवटी कलिंगडाची जत्रा भरते. जूनटीन्थच्या टेबलावरही ते हमखास असतं. पण पाहुण्याने नेताना जरा विचार करावा. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कलिंगडं पिकवली, विकली, स्वतःच्या पैशाने खाल्ली. तो त्यांच्या मोकळीकीचा मळा होता. गोऱ्यांना तेच खुपलं, आणि पुढची कित्येक दशकं कलिंगड खाणाऱ्या कृष्णवर्णीयांची ओंगळ व्यंगचित्रं पोस्टकार्डांवर, नाटकांत, जाहिरातींत फिरत राहिली. 2022 मध्ये एका संग्रहालयाच्या उपाहारगृहाने 'जूनटीन्थ कलिंगड सॅलड' विकायला ठेवलं आणि गदारोळ झाल्यावर माफी मागितली. फळ तेच, पण कोण देतंय, कसल्या लेबलाखाली देतंय, यावर सगळं अवलंबून. आजी स्वतःच्या अंगणात कलिंगड कापतात ती त्यांची मर्जी. आपण पहिल्यांदाच कुणाकडे जात असू तर अंबाडी न्यावी, कलिंगड यजमानांवर सोडावं. ओळख मुरली की ते आपणहून सांगतात, "येताना एक मोठं घेऊन ये."

आता मला ते काम मिळतं, म्हणून कृती सांगते. फोडी मिक्सरमधून फिरवून मोठ्या जाळीच्या गाळणीतून गाळायच्या, थोडा गर राहू द्यायचा. मीठ हवंच, अगदी चिमूट, त्याने गोडी वर येते. लिंबू चवीपुरतं. इथे लिंबाने रंग बदलत नाही, कारण कलिंगडाचा लाल म्हणजे टोमॅटोतलंच लायकोपीन, त्याला आंबटाशी देणंघेणं नाही. साखर घालू नका. आणि सकाळी करून ठेवू नका. तासाभरात गर खाली, पाणी वर, आणि वाढणाऱ्याच्या हातात पळी असली तरच धडगत.

एवढं सगळं केल्यावरही टेबलावर लाल सोडा नसेल तर आमच्या आजींच्या लेखी कार्यक्रमच झाला नाही. टेक्सासात लाल सोडा म्हणजे बिग रेड. 1937 साली वेको गावात जन्मलेलं, आधी सन टँग रेड क्रीम सोडा या नावाचं, 1969 पासून बिग रेड. चव कशाची? चेरी नाही, स्ट्रॉबेरी नाही. लहानपणी चघळलेल्या गोड च्युइंगगमची म्हणा फार तर. माझ्या लेकीला मी विचारलं, हा फ्लेवर कोणता? तिने माझ्याकडे कीव करत बघितलं आणि म्हणाली, "आई, रेड." विषय संपला.

आपल्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींचं नाक इथे मुरडतं. "अंबाडी नैसर्गिक आहे, हे सगळं केमिकल." केमिकल आहेच. त्यात रेड 40 हा रंग आहे, आणि कृत्रिम रंगांवर अमेरिकेत सध्या बरीच चर्चा चालू आहे. जानेवारी 2025 मध्ये रेड 3 या दुसऱ्या लाल रंगावर बंदी जाहीर झाली. रोज पाजू नका, मीही पाजत नाही. पण अंबाडी तेवढी अस्सल आणि सोडा म्हणजे भ्रष्ट नक्कल, हा हिशेब मला पटत नाही. अंबाडी गेल्या काही वर्षांत इथे परत आली, पुस्तकांमुळे, मासिकांमुळे, नायजेरियन आणि कॅरिबियन शेजाऱ्यांमुळे. मधल्या दोन-तीन पिढ्यांनी हा सण तगवला तो लाल सोड्यावर आणि कूल-एडच्या पुडीवर. 1927 साली नेब्रास्कात निघालेली ही पुडी मुद्दाम स्वस्त ठेवलेली होती. एका पुडीत अख्खा जग भरून सरबत, साखर आपल्या घरची. आजींच्या आईने गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर नेलेला डबा त्याचाच असायचा. तो परंपरेत बसत नाही असं सांगणारी मी कोण?

सोडा वाढायची रीत ठरलेली आहे. पत्र्याचं मोठं घमेलं, तळाला बर्फ, त्यावर बाटल्या, वरून पुन्हा बर्फ आणि दोन मुठी खडेमीठ, म्हणजे पाणी शून्याच्याही खाली गार होतं. बाटली बाहेर काढली की तिच्यावरून पाणी ओघळलं पाहिजे. प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीतून कपात ओतून देणं आजींना खपत नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःची बाटली हवी. यामागचं कारण मी कधी विचारलं नाही, पण त्यांच्या लहानपणी ती वाटून प्यावी लागत असणार हे कळतं.

आता कोकम. हे ग्रुपवर विचारणाऱ्या सगळ्या कोकणवाल्यांसाठी. चालतं, पण जिरं आणि काळं मीठ काढून. इथे लाल म्हणजे गोड अशी जिभेची अपेक्षा असते, पहिल्या घोटाला खारट लागलं की माणूस दचकतो. मालवणहून येणारं कोकमाचं आगळ मिठाचं असतं, ते घेऊच नका. साखरेत मुरवलेलं अमृत कोकम घ्या, एकाला पाच पाणी, थोडं आलं. रंग अंबाडीच्या जवळचाच येतो, दोन्हींत अँथोसायनिनच. सोलकढी मात्र घरी. ती गुलाबी असते, शिवाय तिच्यात लसूण. आजींच्या धाकट्या भावाला कोकम इतकं आवडलं की त्यांनी त्यात बर्बन व्हिस्की मिसळून पाहिलं आणि तो प्रकार यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. मी चव घेतली नाही, पण चेहऱ्यावरून खरं वाटलं. मोठ्यांसाठी दारू वेगळीच ठेवायची, कूलरमध्ये कधीही नाही. ज्याला हवी त्याने आपल्या ग्लासात घ्यावी.

आणि रूह अफ़ज़ा? गेल्या वर्षी ग्रुपवर कुणीतरी चेष्टेत लिहिलं, त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मी मात्र म्हणते, खुशाल न्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या दिल्लीत एका हकिमांनी उन्हाळ्यासाठी काढलेलं सरबत, लालभडक, गोडमिट्ट, आणि चव नक्की कशाची हे पिणाऱ्याला सांगता येत नाही. बिग रेडशेजारी ठेवा, कुणी परकं समजणार नाही. फक्त दुधात नको, पाण्यात, लिंबू पिळून. गुलाबाचा वास न सोसणारेही असतात, त्यांच्यासाठी बाकीचं आहेच.

माणशी किती, हा प्रश्नही येतो. जूनमधली टेक्सासची दुपार असेल तर माणशी लिटरभर धरा, सगळी पेयं मिळून, आणि साध्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. बर्फ माणशी किलोभर. दुकानातला बर्फ 19 तारखेला सकाळी दहापर्यंत संपतो, आदल्या रात्रीच आणा. अर्क दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवला तर उलट मुरतो. पाणी आणि बर्फ तिथे पोहोचल्यावर. पांढरे कपडे घालू नका, अंबाडीचा डाग हळदीच्या वरताण.

शेवटचं, नळाच्या कूलरबद्दल. अर्क आधी मोठ्या गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून, दोनदा गाळा. संत्र्याच्या चकत्या, पुदिना, बोंडाचे तुकडे असली शोभा कूलरमध्ये टाकू नका. नळात एक पाकळी अडकली की धार बंद होते, मागे रांग उभी राहते आणि कुणीतरी उत्साही काका खालून काडी घालायला लागतात. शोभा हवीच असेल तर चकत्या वेगळ्या ताटलीत ठेवा. आमच्याकडे त्या ताटलीला अजून कुणी हात लावलेला नाही.